टाकीकडं बघा

बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. मला उभं राहून बोलायला सांगितलंय. गुडघ्यांचं आणि माझं आता फारसं जमत नाही, तेव्हा मी ही खुर्ची धरून उभा राहतो. माईक नको म्हणालो. शाळेचा व्हरांडाच आहे, एवढा आवाज अजून आहे माझ्यात. नाही पोचला तर हात वर करा.

पेडगावकर मंडळी, परभणीहून आलेले माझे डॉक्टर मित्र, माधवराव, आणि लेकरांनो. लेकरंच म्हणतो. तुमच्यातल्या काहींना मिशा फुटल्यात, तिकडं एकीच्या कडेवर मूल दिसतंय, तरी मला तुम्ही तोंडात तो गुलाबी चिखल घेऊन उमासे काढणारी लेकरंच दिसता.

मी कोण हे काहींना ठाऊक नसेल. मी वैशालीचा मास्तर. दातांच्या कॉलेजात शिकवत होतो, आता निवृत्त आहे. वाकडे दात तारेनं सरळ करायचे, जबडा कसा वाढतो, चेहरा कसा वाढतो ते बघायचं, हा माझा विषय. तो मी तिला शिकवला. पुढं तिनंच तो मला शिकवला. तेच सांगायला उभा आहे.

खरं विचाराल तर मला बोलायचं नव्हतं. बेजार झालोय मी. या वयात माणसाला लग्नाची आमंत्रणं कमी येतात आणि असल्या सभांची जास्त. बोलायला कोण? तर सरांना बोलवा, सर चांगलं बोलतात. आता मला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आलाय. पण त्या सगळ्या सभा माझ्या बरोबरीच्यांच्या होत्या. विद्यार्थिनीच्या सभेत बोलायची ही पहिली वेळ. हे उलटं झालं. त्या फोटोत मी असायचं आणि वैशालीनं इथं उभं राहून माझ्याबद्दल चार खोट्या चांगल्या गोष्टी सांगायच्या, असा आमचा सरळ हिशेब होता. उन्हाळ्यात ती आजारी पडली आणि दसऱ्याच्या आधी गेली. मला अजून राग येतो. कुणावर, ते कळत नाही.

माझ्या आधी जे बोलले त्यांनी तिला हसतमुख म्हटलं. नव्हती हो ती हसतमुख. दातांची डॉक्टर म्हटलं की लोकांना वाटतं, सदा हसत असणार. ती तापट होती. तिच्या दवाखान्यात उशिरा आलेल्या माणसाला ती आधी झाडायची आणि मग तोंड उघडायला सांगायची. मला स्वतःला तिनं किती वेळा झाडलंय. गेलेल्या माणसाला उगीच गोड करू नये. गोड केलं की ते माणूस आपलं राहत नाही.

आता या फोटोकडं या. मघापासून तुम्ही सगळे त्याकडं बघायलात. हार घातलेला फोटो समोरून असतो. माणूस आपल्याकडं बघत असतं. हा असा एका बाजूनं कामून? आणि तिच्या नाकासमोर वरून खाली ही दोरी कसली लोंबतीय? आत येताना एक पाहुणे माझ्या कानात म्हणाले, "सर, दुसरा फोटो मिळाला नाही का?" मिळाला असता. कपाटभर आहेत. पण तिच्या नवऱ्यानं, माधवरावांनी, कपाटातून हाच बाहेर काढला. मी त्यांना काही विचारलं नाही, कारण तो फोटो कधी काढला हे मला ठाऊक होतं. याच व्हरांड्यात काढला. तो तिकडचा हुक आहे ना तुळईला, तिथं ही दोरी बांधली होती. दोरीच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा.

म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

वैशाली चारठाण्याची. शिकून परभणीला आली, तिथंच दवाखाना टाकला. लोक लेकरांना घेऊन यायचे, दात पुढं आलेत, जबडा मागं आहे, तार लावा म्हणायचे. आता लेकरू बरोबर आहे का त्याच्यात काही कमी आहे, हे ठरवायला आमच्याकडं पुस्तकातली मापं असतात. ती मापं कुणाच्या चेहऱ्यांवरून घेतलेली? लांबच्या मुलखातल्या लेकरांच्या. एके दिवशी ती माझ्याकडं आली, खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "सर, या पुस्तकातल्या चेहऱ्यानं आपली लेकरं मापली तर निम्मी नापास. लेकरं चुकली का पुस्तक?" मी म्हणालो, ते बघायचं तर आपली धडधाकट लेकरं घ्यावी लागतील, त्यांच्या मागं वर्षानुवर्षं फिरावं लागेल, दरवर्षी तीच लेकरं, तेच माप, वाढ थांबेपर्यंत. मला वाटलं, ऐकून गप्प बसेल. ती म्हणाली, "मग कोणतं गाव घ्यायचं?"

असं आलं पेडगाव.

पहिल्या दिवशी आम्ही घरोघर सांगत फिरलो. बसप्पा गवंड्याच्या दारात काशीबाई उभ्या होत्या. आहेत ना काशीबाई? हां, त्या बसल्यात खांबाजवळ. वैशालीनं त्यांना सांगितलं, "आम्ही लेकरांची वाढ बघायला आलोय." काशीबाई म्हणाल्या, "वाढ बघायला आलाव? मग बसा की, वाढतेच." आणि खरंच दोन ताटं घेतली. वैशाली समजावून सांगायला लागली की ती वाढ नव्हे, ही वाढ. तोवर ताटात पिठलं पडलं होतं. त्या दिवसापासून तिचं ठरलेलं, पेडगावला वाढ बघायला जायचं तर घरून डबा न्यायचा नाही.

हसा. हसलात तर बरं वाटतं. मलाही जरा दम घेता येतो.

तर माप घ्यायचं कसं? सोपा रस्ता होता. दरवर्षी प्रत्येकाच्या डोक्याचा बाजूनं एक्स-रे काढायचा. हाडाची रेघ न् रेघ दिसते. मी तेच म्हणालो. तिनं मला झाडलं. "सर, ज्या लेकराचं काही दुखत नाही, त्याला मी दरवर्षी मशीनसमोर कामून उभं करू? माझ्या अभ्यासासाठी?" मग दुसरा रस्ता. दातांचे साचे घ्यायचे, त्याचाच तो गुलाबी चिखल. आणि बाजूनं फोटो काढायचा. फोटोत शेजारी ओळंबा सोडायचा. ओळंब्याची दोरी खोटं बोलत नाही, ती उभी म्हणजे उभीच. त्या दोरीपासून कपाळ किती, नाक किती, ओठ किती, हनुवटी किती, हे मोजायचं.

ओळंबा बसप्पांनी दिला. देताना विचारलं, "म्याडम, लेकरू म्हंजी काय भिंत हाय का वळंब्यात यायला?" ती म्हणाली, "भिंत असती तर एकदाच मापून सुटले असते, बसप्पा मामा."

तीन वर्षं आम्ही असे फोटो काढले. मी कॅमेऱ्याच्या मागं. ती लेकरांना दोरीशेजारी उभं करायची, सांगायची, सरळ उभं राहा, समोर बघा. मी बटन दाबायचा. परभणीला गेल्यावर तिच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं मापं काढायचो. ती वेगळी, मी वेगळा. एकमेकांचं बघायचं नाही, मग शेवटी ताडून बघायचं. दोघांची जुळली तरच ते माप खरं. तिची आणि माझी मापं फार सुरेख जुळायची. मला त्याचा अभिमान होता.

आणि त्या तीन वर्षांत एक गोष्ट वर आली. पोरांच्या हनुवट्या जागेवर होत्या. पोरींच्या मागं होत्या. एकदोघींच्या नव्हे, झाडून सगळ्या पोरींच्या. आणि पोरी मोठ्या व्हायला लागल्या तशा आणखी मागं.

तुम्हाला सांगतो, संशोधन करणाऱ्याला असं काही सापडलं की त्याला झोप लागत नाही. आम्ही कारणं शोधली. कारणं शोधली की सापडतातच. पोरी घरात शेवटी जेवतात. उरलंसुरलं खातात. चावायला कमी मिळतं, जबड्याला काम मिळत नाही, जबडा मागं राहतो. ऐकायला किती पटतं! वैशालीला तर ते मनापासून पटलं. घरात शेवटी जेवणाऱ्या पोरींमध्ये ती वाढली होती. लेख लिहून तयार झाला. पाठवायचा तेवढा राहिला.

त्याच सुमाराला काशीबाई शिवकांताला घेऊन तिच्याकडं आल्या. शिवकांता म्हणजे त्यांची थोरली, आमच्या पहिल्या तुकडीतली. तिला शहरातल्या कुठल्याशा दवाखान्यात कुणी सांगितलं होतं की हिची हनुवटी आत आहे, वाढ पुरी झाली की जबडा कापून पुढं घ्यावा लागेल. काशीबाई रडवेल्या झाल्या होत्या. "म्याडम, तुमी तीन वर्सं झाली मापायलाव. तुमीच सांगा, कापायचा का न्हाई?"

वैशालीनं शिवकांताचे फोटो काढून बघितले. आमच्या फोटोतही तेच दिसत होतं. हनुवटी मागंच. तिच्या तोंडावर आलं होतं की हो, लागेल ऑपरेशन. ते तिनं गिळलं. म्हणाली, "मला जरा सवड द्या." तिलाच नीट सांगता येत नव्हतं की सवड कशाला. नंतर मला म्हणाली, सगळ्या पोरींची आत असेल तर हिच्या एकटीची आत आहे असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

त्या वर्षी आम्ही नवा कॅमेरा घेतला होता. इथं आणून, लेकरं यायच्या आधी, तो नीट चालतो का बघायला ती स्वतः दोरीशेजारी उभी राहिली. म्हणाली, "काढा सर एक." मी काढला. तिनं येऊन बघितला. बघतच राहिली.

तिची हनुवटी मागं.

आता वैशालीचा चेहरा मला काही नवा नव्हता. तिचे दात, तिचा जबडा, विद्यार्थिनी असताना आमच्याच वर्गात शिकायला म्हणून तपासलेला. काही कमी नव्हतं त्यात. ती म्हणाली, "सर, मी अशी आहे?" मी म्हणालो, नाहीस. "मग हा फोटो असा कामून?" मी म्हणालो, कॅमेऱ्यात काही दोष असेल. तिनं फोटो पुन्हा बघितला. मग हळूच म्हणाली, "कॅमेऱ्याच्या मागं कोण होतं?"

मी होतो.

ती तिथं पायरीवर बसली. त्याच त्या पायरीवर, जिथं आता तुमच्या चपला आहेत. म्हणाली, "सर, चारठाण्याला आमच्या घरात थोरले काका ओसरीवर असले की आम्हा पोरींची मान आपोआप खाली जायची. कुणी तेव्हा सांगायचं नाही. आधी कधीतरी सांगून झालेलं असायचं. मी डॉक्टर झाले. माणसांना झाडते. तुम्हाला पण झाडते. आणि तुम्ही शेजारी उभं राहून फोटो काढायला लागलात की माझी मान अजून खाली जाते, आणि मला मालूम पण होत नाही."

मान खाली गेली की हनुवटी दोरीपासून मागं जाते. कळलं का? एवढंच. पोरींचे जबडे धडधाकट होते. पोरी एका म्हाताऱ्या परक्या माणसासमोर मान खाली घालून उभ्या होत्या, आणि आम्ही दोन शिकलेली माणसं तीन वर्षं ती लाज मिलिमीटरमध्ये मोजत होतो. दोघांची मापं सुरेख जुळत होती. का नाही जुळणार?

मग तिनं मला भिंतीच्या पलीकडं पाठवलं. म्हणाली, दिसू नका. सामान उचलायला माधवराव आले होते. नवऱ्यासमोर तिची मान कधी खाली गेली नाही, हे माधवरावांनाच विचारा. कॅमेरा त्यांच्या हातात दिला. ती परत दोरीशेजारी उभी राहिली. आता बघायचं कुठं? समोर म्हटलं की माणूस समोरच्याकडं बघतं. तिनं लांब नजर टाकली. शेतांच्या पलीकडं पाण्याची टाकी दिसते. ती म्हणाली, "मी टाकीकडं बघते, तुम्ही दाबा."

हा तो फोटो. हार घातलेला. या फोटोत ती कुणाकडंच बघत नाहीये. म्हणून तो तिचा खरा आहे.

दुसऱ्या दिवशी शिवकांताला तसंच उभं केलं. कॅमेरा स्टँडवर, मागं कुणी नाही. वैशाली खांबाआड उभी राहून वायरचं बटन दाबणार. तिनं पोरीला सांगितलं, दात टेकवा. ओठ सैल सोडा. टाकीकडं बघा. पोरीची हनुवटी जिथं असायला पाहिजे तिथं होती. वैशाली काशीबाईंना म्हणाली, "काही कापायचं नाही. जबडा बरोबर आहे. हिला मान वर करायला सांगा." काशीबाई काय म्हणाल्या ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. "सांगीन की म्याडम. पर माझीच कदी वर झाली न्हाई, तर माझं ऐकून ती करील का?"

यावर मला भाषण करायचं नाही. काशीबाई इथं बसल्यात, त्यांनी ते सांगून ठेवलंय, तेवढं पुरे.

परभणीला आल्यावर तिनं तो लेख फाडला. मी म्हणालो, लेख फाड, पण तीन वर्षांचे फोटो टाकू नकोस. मान किती वाकली असेल याचा अंदाज धरून हिशेब दुरुस्त करू. असं करता येतं, लोक करतातही. ती म्हणाली, "सर, कोण किती लाजलं हे मापलं होतं का आपण?" नव्हतं मापलं. साचे तिनं ठेवले, मान वाकली म्हणून साचा बदलत नाही. फोटो मात्र एकूण एक बाद केले.

आणि इथं, मंडळी, मला आज जे बोचतं ते आहे. पहिली तुकडी आता मोठी झाली होती. तिची लहानपणची वर्षं परत येणार नव्हती. मग तिनं नव्यानं पहिलीतली लेकरं घेतली, थोरल्यांची धाकटी भावंडं, आणि पहिल्यापासून सुरू केलं. ते फोटो बाद केले नसते, तर हे काम तीन वर्षांपूर्वीच संपलं असतं. ती चांगली हिंडतीफिरती असताना. तिच्या हातानं, तिच्या नावानं. चुकीचं असतं, पण संपलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

ती आजारी असताना मी तिला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा हे माझ्या तोंडावर आलं होतं. बोललो नाही. दुपारची वेळ, माधवराव खाली औषध आणायला गेले होते. तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारावं? "सर, टाकी दिसते का अजून? मधे कुणी बांधकाम तर काढलं नाही ना?" मी चिडलो. म्हणालो, "बाई, आधी बरी हो. टाकी कुठं पळून जात नाही." ती म्हणाली, "टाकी पळणार नाही, पण मधे काही आलं तर लेकरं दुसरीकडं बघतील. दुसरीकडं बघितलं की मान बदलते." धाप लागली होती तिला. शेवटची फेरी राहिलीय, असं दोनदा म्हणाली. माझं तिच्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे. माणसं जाताना काय काय बोलून जातात. ही टाकीचं विचारून गेली.

शेवटची फेरी म्हणजे काय ते सांगतो. धाकटी तुकडी आता वाढीच्या टोकाला आलीय. यंदा एकदा माप घेतलं की कळेल, कुणाची वाढ थांबली, कुठं थांबली. ते एक माप नसेल तर मागची सगळी मापं नुसती वाटेवरची. आणि यंदाच घ्यावं लागेल. आता दिवाळीची सुट्टी आहे म्हणून तुम्ही सगळे गावात दिसताय. सुट्टी संपली की कुणी पुण्याला कामाला, कुणी शिकायला, कुणाचं लग्न ठरलंय. पुढच्या वर्षी तुम्हाला मी कुठं शोधू?

गेल्या महिनाभरात मला चारचौघांनी सांगितलं, सर, आता सोडा. तुमचं वय झालं. चांगलं सांगतात, प्रेमानं सांगतात. माझा हात थरथरतो, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ज्या हाताचं माप तिच्याशी जुळायचं तो हात आता माझ्याकडं नाही. आणि जुळवायचं कुणाशी? आज इथं येताना मी ठरवून आलो होतो की शोकसभेतच सांगून टाकायचं. काम इथं थांबलं, साचे कॉलेजला देतो, सगळ्यांचे आभार. दोन वाक्यांत संपलं असतं. घरी जाऊन पडलो असतो. खरंच पडलो असतो, मला फार झोप येते हल्ली.

पण आलो तर हुकाला ओळंबा टांगलेला. हा बघा, मागं वळून बघा. मी सांगितलं नाही, माधवरावांनी सांगितलं नाही. बसप्पा सकाळी येऊन टांगून गेले. मी विचारलं, "हा कशाला, बसप्पा?" तर म्हणाले, "म्याडमचा कारेक्रम हाय नव्हं? मग वळंबा नको?"

मग इथं पायरीवर शिवकांता भेटली. नर्सिंग शिकायलीय आता. नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "सर, आमच्या महानंदाचं शेवटचं माप राहिलंय. कधी घ्यायचं?" महानंदा तिची धाकटी बहीण, दुसऱ्या तुकडीतली. पोरीनं माझ्याकडं बघितलं, मान वर करून, चांगलं सरळ. मीच खाली बघितलं. म्हणालो, आधी सभा होऊ दे.

मग मी तिकडं कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो, वैशाली उभी राहायची तिथं, आणि टाकी दिसते का बघितली. बांधकाम काही झालेलं नाही. पण शाळेच्या कुंपणापाशी ते कडुलिंबाचं रोप होतं ना, त्याचं झाड झालंय. निम्मी टाकी त्याच्याआड गेलीय. वरचा घेर तेवढा दिसतो. आपण इतकी वर्षं लेकरांची वाढ मापली, त्या झाडाकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. हे ऐकून वैशालीनं आधी मला झाडलं असतं आणि मग ती हसली असती. मला तिची फार आठवण येते. सकाळपासून येतीय. अजून तरी दिसते टाकी. यंदा दिसते. पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही, आणि झाड तोडायचं नाव कुणी काढू नका.

तर शिवकांता, तुझं उत्तर. रविवारी सकाळी, याच व्हरांड्यात. दुसऱ्या तुकडीतल्या सगळ्यांना निरोप दे, कुणी सासरी असेल तर तिथंही दे. कॅमेरा माधवराव आणतील. खांबाआड उभं राहून बटन तू दाबायचं. मापं डॉक्टर नाझिया काढतील. त्या वैशालीच्या हाताखाली शिकल्या, आज इथं आल्यात. मी त्यांना अजून विचारलेलं नाही, आता सगळ्यांसमोर विचारायलोय, म्हणजे नाही म्हणता येणार नाही. एकदा काढतील, आणि काही दिवसांनी पहिली मापं न बघता पुन्हा काढतील. जुळली तर खरी. मी भिंतीपलीकडं बसेन, नेहमीसारखा. मी कुणाला दिसायचं नाही. मला ते आता जमतं. नाश्त्याचं काशीबाईंना सांगायला नको.

मला उमेद आली असं कुणी समजू नका. थकलोय तेवढाच थकलोय. पण थकलेला असलो तरी रविवारपर्यंत तग धरता येईल.

संपवतो.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. शोकसभेत मान खाली घालून उभं राहायची रीत आहे. तुम्ही सगळे मघापासून तसेच बसला आहात. पोरी जास्तच. मी इथं समोर उभा आहे ना, म्हणून. ही रीत वाईट नाही. पण हिच्यासाठी ती नको. हिला खाली घातलेल्या मानेनं तीन वर्षं फसवलं होतं.

तेव्हा मी बाजूला होतो. ही खुर्ची पण नेतो. माझ्याकडं बघू नका, फोटोकडं पण बघू नका. उठा. काशीबाई, तुम्ही पण. सावकाश उठा, घाई नाही. कुंपणाकडं तोंड करा. लिंबाच्या वर, शेतांच्या पलीकडं. दिसली का सगळ्यांना?

दात टेकवा.

ओठ सैल सोडा.

टाकीकडं बघा.